वाडीच्या गोडाऊनमधला सर्व्हर आणि स्कॅनरचं खातं

अमरावती रोडने नागपूरच्या बाहेर निघालं की वाडी लागते. गोडाऊन, वजनकाटे, टायरवाले आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे ट्रक. इथल्या एका मध्यम ट्रान्सपोर्ट कंपनीचं हे प्रकरण. कंपनीचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. असाच सर्व्हर, असाच राउटर आणि असंच एखादं विसरलेलं खातं हिंगण्यापासून कळमन्यापर्यंत कितीतरी ऑफिसांत सापडेल.

मालकांच्या केबिनमागच्या खोलीत उबुंटू २२.०४ या लिनक्सचा एक सर्व्हर. त्यावर बिल्टीचं, म्हणजे ट्रकने जाणाऱ्या मालाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटाबेस. रायपूर, जबलपूर, हैदराबादच्या शाखा ब्राउझर उघडून त्यावरच बिल्ट्या फाडतात. ब्रॉडबँडला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घेतलेला आणि राउटरवर तीन पोर्ट, म्हणजे क्रमांकाची दारं, बाहेरून आत वळवलेली. पोर्ट ४४३, म्हणजे वेबसाइटचं दार, शाखांसाठी. २२, म्हणजे दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची एसएसएच सेवा, पुण्याला राहणाऱ्या प्रोग्रामरसाठी. आणि ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, हिशेबाच्या टॅलीच्या विंडोज मशीनसाठी, कारण जीएसटीच्या तारखा आल्या की धरमपेठेतल्या सीएंच्या ऑफिसातला आर्टिकल, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घरूनच टॅलीत शिरतो.

तक्रार आली ती हल्ल्याची नव्हतीच. मालक म्हणाले, "सर्व्हर खूप हळू चालून राहिला भाऊ. बिल्टी निघता निघत नाही, गाड्या थांबून राहतात गेटवर. रॅम वाढवून द्या न." प्रोग्रामरनेही तेच सांगितलं होतं. त्याने दुरून टॉप कमांड लावून पाहिली, तर सगळ्यात वर 'केस्वॅपडी०' नावाची प्रक्रिया सीपीयू खात होती. हे नाव लिनक्सवाल्यांच्या ओळखीचं. मेमरी कमी पडली की तिची जुळवाजुळव करणारा कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, धागा तो. तो वर आला म्हणजे रॅम कमी, हा अंदाज अगदी साहजिक होता. तसा अंदाज व्हावा म्हणूनच ते नाव निवडलेलं होतं.

पीएस कमांडची पूर्ण यादी काढली की खरे कर्नेल धागे चौकोनी कंसात दिसतात आणि त्यांचा मालक रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, असतो. इथे कंस नव्हता, आणि मालकाच्या रकान्यात होतं 'स्कॅन'. कर्नेलचा धागा स्कॅन नावाच्या साध्या खात्याने चालवावा, हे काही होत नाही. त्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं, म्हणून साध्या यादीत न दिसणारं 'कॉन्फिगआरसी' नावाचं फोल्डर होतं. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, तीच फाइल पुन्हा पुन्हा उठवणाऱ्या ओळी होत्या, आणि लॉगिनच्या किल्ल्यांच्या फाइलीत एक परकी किल्ली, म्हणजे पासवर्डशिवाय आत यायची सोय, बसवलेली होती. ही पद्धत नवी नाही. ट्रेंड मायक्रोने २०१८ मध्ये 'आउटलॉ' या नावाने वर्णन केलेल्या टोळीच्या साधनांशी ती तंतोतंत जुळते: पासवर्डचे अंदाज लावत एसएसएचमधून शिरायचं, आपली किल्ली ठेवायची आणि मोनेरो नावाचं आभासी चलन खणत, म्हणजे संगणकाला गणितं सोडवायला लावून मिळवत, बसायचं. मोनेरोचं गणित मुद्दाम साध्या सीपीयूला झेपेल असं ठेवलेलं आहे, त्यामुळे गोडाऊनमधला सर्व्हरही त्या कामाला चालतो. विजेचं बिल आपलं, कमाई त्यांची.

मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "आमच्याकडे काय आहे बाप्पा चोरायला? बिल्ट्याच तर आहेत."

मुळात त्यांना कोणी निवडलंच नव्हतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झीमॅप हे साधन प्रसिद्ध केलं, तेव्हाच एका गिगाबिट जोडणीवरून सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का, हे ४५ मिनिटांच्या आत पाहता येत होतं. आज अशी चाचपणी करणारी यंत्रं दिवसरात्र चालू असतात. २२ पोर्ट उघडं दिसलं की पत्ता यादीत जातो आणि पासवर्डचे अंदाज सुरू होतात. तिथे माणूस कुठेच नसतो.

स्कॅन हे कोण?

हे खातं ऑफिसातल्या कोणाला आठवेना. शेवटी अकाउंटवाल्या ताईंनी सांगितलं, "ते झेरॉक्सच्या मशीनचं असेल न."

माल पोचला की ड्रायव्हर सही-शिक्क्याची पोच घेऊन येतो. ती पोच मोठ्या मशीनवर स्कॅन होते आणि थेट सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते, मग बिल निघतं. पोच सापडली नाही की पार्टी पैसे अडवते, त्यामुळे हे काम कंपनीच्या दृष्टीने बिल्टीइतकंच महत्त्वाचं. मशीन फाइल पाठवतं एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचच्याच रस्त्याने, आणि त्यासाठी त्याला सर्व्हरवर एक खातं लागतं. मशीन बसवताना कोणीतरी 'स्कॅन' नावाचं खातं उघडलं, पासवर्ड ठेवला 'स्कॅन१२३', मशीनच्या पडद्यावर तो टाकला आणि काम झालं. उबुंटूत नवं खातं उघडलं की त्याला पूर्ण शेल मिळतं. फाइल टाकण्यापुरतं हवं असलेलं खातं अशा रीतीने जगातल्या कोणालाही कमांड चालवू देणारं खातं झालं होतं. सुडोचा, म्हणजे रूटसारखी कामं करायचा, अधिकार त्याला नव्हता, हे नशीब.

आता थोडं गणित. 'ब्रूट फोर्स' हे नाव ऐकून वाटतं की समोरचा प्रचंड ताकदीने प्रत्येक शक्यता तपासतो. चोरलेल्या पासवर्ड-फाइलीवर घरी बसून तसं करता येतं. चालू सर्व्हरच्या दारात नाही करता येत. दर १० सेकंदांना एक अंदाज धरला तर दिवसाला ८,६४० अंदाज होतात. फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आठच जागा, पण खरोखर कशीही निवडलेली, असा पासवर्ड घेतला तर शक्यता होतात सुमारे २०,८८० कोटी. या वेगाने त्या सगळ्या संपायला ६६ हजार वर्षं लागतील. वेग हजारपट केला तरी ६६ वर्षं. म्हणजे दारात उभं राहून ताकदीने कोणीच पासवर्ड फोडत नाही. त्यांच्याकडे एक छोटी यादी असते: रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, गिट, उबुंटू, स्कॅन, बॅकअप. प्रत्येक नावापुढे तेच नाव, नावापुढे १२३, आणि वर्षानुवर्षं फुटून बाहेर आलेले पासवर्ड. २०१६ मध्ये लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेणाऱ्या 'मिराई'कडे तर साठेक जोड्याच होत्या.

स्कॅन आणि स्कॅन१२३ ही जोडी अशा यादीत फार खाली नसते.

लॉगमध्ये एकच पत्ता

खरी गंमत पुढे आहे. या सर्व्हरवर फेल२बॅन आधीपासून बसवलेलं होतं. हे साधन लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचत बसतं. एका पत्त्यावरून १० मिनिटांत ५ वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ता १० मिनिटं अडवतं, हे त्याचे मूळ आकडे. सेवा चालू होती, एसएसएचची नोंदही चालू होती. तरी ती कोणालाच अडवत नव्हती.

ऑथ लॉग उघडला आणि कारण दिसलं. चुकलेल्या लॉगिनच्या ओळींवर ओळी, नावं तीच ठरलेली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पत्ता एकच: १९२.१६८.१.१. म्हणजे राउटर. जगभरातून येणारा प्रत्येक हल्लेखोर सर्व्हरला राउटरच्या पत्त्यावरून आलेला दिसत होता. गेटवरच्या चौकीदाराने प्रत्येक पाहुण्याच्या नावाच्या जागी स्वतःचंच नाव लिहावं, असला तो लॉग.

हे झालं कसं? ऑफिसातल्या मशीनवरून कोणी बाहेरची साइट उघडली की राउटर त्या पाकिटावरचा आतला पत्ता पुसून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो. याला मास्करेड म्हणतात, आणि हा नियम फक्त बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला लागू असायला हवा. इथे त्या नियमात बाहेरच्या पोर्टचं, म्हणजे राउटरला ब्रॉडबँडची तार लागते त्या जागेचं, नावच दिलेलं नव्हतं. त्यामुळे बाहेरून आत वळवलेल्या वाहतुकीलाही तो लागत होता, आणि आत येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर राउटरचा आतला पत्ता चिकटत होता.

ते नाव मुद्दाम काढलेलं होतं. शाखांसाठी सॉफ्टवेअरचं जे डोमेन नाव आहे, तेच वाडीच्या ऑफिसात बसून उघडलं तर उघडत नव्हतं. आतून निघालेलं पाकीट राउटरच्या बाहेरच्या पत्त्याला जायचं, तिथून वळून सर्व्हरकडे यायचं, पण सर्व्हर उत्तर थेट आतल्या मशीनला द्यायचा आणि ब्राउझर ते उत्तर ओळखायचा नाही. आधी काम पाहणाऱ्या मुलाने मास्करेडमधून पोर्टची अट काढली, आणि डोमेन आतूनही उघडू लागलं. सगळे खूश. त्याच दिवसापासून सर्व्हर आंधळा झाला.

मग फेल२बॅनने जे करायचं तेच केलं. १९२.१६८.१.१ वरून चुकीचे पासवर्ड येताहेत म्हणून तो पत्ता अडवला, आणि बाहेरून येणारे प्रोग्रामरसकट सगळे एकदम बंद. फोन वाजले. उपाय म्हणून कोणीतरी न अडवायच्या पत्त्यांच्या यादीत ऑफिसचा अख्खा आतला पट्टा घालून टाकला. तक्रार थांबली. त्यानंतर फेल२बॅन इमाने इतबारे लॉग वाचत होतं, प्रत्येक ओळीतला पत्ता सवलतीच्या यादीत सापडत होता, आणि ते पुढच्या ओळीकडे जात होतं. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी समजूतदार वागला होता, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं. डोमेन उघडायलाच हवं होतं, प्रोग्रामरला आत येता यायलाच हवं होतं, पोच स्कॅन व्हायलाच हवी होती.

शिरकाव ओळखायला मात्र हाच पत्ता कामी आला. स्कॅनचं मशीन नेहमी १९२.१६८.१.६० वरून येतं. लॉगमध्ये स्कॅन खात्याच्या यशस्वी लॉगिनच्या नोंदी चाळल्या तर बहुतेक ६० वरून, आणि मधेच काही १ वरून. राउटर काही पोच स्कॅन करत नाही. पहिला शिरकाव नेमका कधीचा, हे मात्र हाती लागलं नाही. उबुंटूत ऑथ लॉग दर आठवड्याला फिरतो आणि चार आठवडेच टिकतो, आणि राउटर तर काहीच नोंदवत नव्हता.

इथे कायद्याची बाजू येते. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर घटना हाताळणाऱ्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. हे फक्त बँकांना आणि मोठ्या कंपन्यांना आहे असा समज वाडीतच काय, आयटी पार्कातही भेटतो. मालक आधी कचरले. "उगाच चौकशी मागे लागेल." पण घटना आपण होऊन कळवल्याने काही बिघडत नाही, आणि उद्या याच सर्व्हरवरून दुसऱ्या कोणावर हल्ला झाल्याचं निघालं, तर आपण वेळेत कळवलं होतं एवढाच कागद उपयोगी पडतो. असली साधनं आपला सर्व्हर पुढच्या सर्व्हरांवर अंदाज लावायलाही जुंपतात. कळवलं. हल्लेखोराच्या पत्त्याच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं.

आधी काय केलं

राउटरवरची २२ आणि ३३८९ ची वळवणी लगेच काढली. सर्व्हर बंद केला नाही. चालू प्रक्रियांची यादी, क्रॉनटॅब, किल्ल्यांची फाइल, सगळे लॉग आणि ते लपवलेलं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, मगच प्रक्रिया मारली. क्रम उलटा झाला तर सर्ट-इनला द्यायला काही उरत नाही, आणि स्वतःलाही कळत नाही की नेमकं काय होतं.

मग वाद झाला तो सर्व्हर नव्याने बसवायचा की नाही यावर. प्रोग्रामरचं म्हणणं, स्कॅनला सुडो नव्हता, रूटपर्यंत कोणी पोचल्याची खूण नाही, तेवढं खातं साफ करा. खूण नव्हती हे खरं. पण सर्व्हरवर महिनोन्‌महिने कर्नेलचे अपडेट घेतलेले नव्हते, आणि साध्या खात्यावरून रूट व्हायच्या पळवाटा जुन्या कर्नेलमध्ये असतात. रूट झालेला माणूस स्वतःची खूण ठेवत नाही. माझं मत सरळ होतं: आत कोणी येऊन राहून गेलं असेल तर ते मशीन पुसायचं. गाड्यांची वर्दळ कमी असते त्या वेळी, मध्यरात्रीनंतर, उबुंटू २४.०४ नव्याने बसवलं. डेटाबेस बॅकअपमधून घेतला, सॉफ्टवेअरचा कोड प्रोग्रामरच्या भांडारातून. जुन्या डिस्कवरून एकही प्रोग्राम उचलला नाही.

राउटर त्याच्याही आधी नीट केला. मास्करेडच्या नियमाला बाहेरच्या पोर्टचं नाव परत दिलं. आतून डोमेन उघडायची अडचण परत येणारच होती. तिच्यासाठी राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, त्या नावापुढे सर्व्हरचा आतला पत्ता लिहिला. ऑफिसातलं पाकीट आता बाहेर जातच नाही, म्हणून वळूनही यावं लागत नाही.

हे जमलं की नाही ते पाहायला, फक्त किल्लीनेच लॉगिन होईल अशा नव्या सर्व्हरवर २२ पोर्ट मुद्दाम काही काळ उघडा ठेवला. लॉगमध्ये आता खरे पत्ते यायला लागले, आणि दुसरी गोष्ट उघडी पडली. एकेका पत्त्यावरून एखाद-दुसरा अंदाज यायचा आणि तो पत्ता गप्प. पुढचा अंदाज दुसऱ्या देशातून. १० मिनिटांत ५ ची मर्यादा ओलांडणारे फार थोडे. म्हणजे राउटर पहिल्यापासून नीट असता तरी फेल२बॅनने यातले बरेच जण सोडून दिले असते. अडवणारं साधन आवाज कमी करतं. ओळीने येणाऱ्या हजार वेगवेगळ्या पत्त्यांपुढे ते पहारा ठरत नाही.

पासवर्डच नको

एसएसएचचा जन्मच पासवर्डच्या चोरीतून झाला. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड टिपत असल्याचं उघडकीला आल्यावर, १९९५ मध्ये, तातू युलोनेन यांनी तो लिहिला. टेलनेटचं २३ आणि एफटीपीचं २१, यांच्या मधलं रिकामं २२ त्याला मिळालं. पासवर्ड तारेवरून जाताना तो झाकतो, आणि ते काम गेली तीस वर्षं चोख करतो. पण झाकलेला स्कॅन१२३ हा शेवटी स्कॅन१२३ च.

म्हणून प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर ईडी२५५१९ जातीची किल्लीजोडी काढली, तिला सांकेतिक वाक्य लावलं, उघडी अर्धी सर्व्हरवर ठेवली आणि एसएसएचच्या सेटिंगमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशनपुढे 'नो' लिहिलं. सेवा पुन्हा चालू केली. पासवर्ड तरीही मागत होता.

ही खोच उबुंटूवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मुख्य फाइलीच्या अगदी वरच एक ओळ असते, जी शेजारच्या फोल्डरमधल्या छोट्या फाइली आधी वाचायला सांगते. तिथे '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल असते, आणि बसवताना पासवर्डने लॉगिन चालेल असं निवडलेलं असेल तर तिच्यात 'यस' लिहिलेलं असतं. एसएसएचचा नियम असा की एकाच गोष्टीची दोन उत्तरं सापडली तर पहिलं धरायचं. म्हणजे खालच्या मोठ्या फाइलीत तुम्ही कितीही ठळक 'नो' लिहा, वरचा 'यस' आधीच वाचला गेलेला असतो. कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह नावाचं दुसरं दारही बंद करावं लागतं, नाहीतर पासवर्ड तिथून शिरतो. फाइल वाचून खात्री करायचीच नाही. 'एसएसएचडी' ला, म्हणजे एसएसएचच्या सेवेलाच, मोठा टी लावून विचारलं की प्रत्यक्षात लागू असलेलं सेटिंग तो स्वतः सांगतो. आणि हे सगळं करताना एक जुनं लॉगिन उघडं ठेवायचं, म्हणजे दार आतून लागलं तरी आपण आत असतो.

स्कॅनचं मशीन मात्र किल्ली वापरू शकत नव्हतं. त्याच्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड, दोनच रकाने. नवं मशीन घ्या म्हणणं सोपं असतं, पण त्याची किंमत मालकांनी विचारली आणि विषय तिथेच मिटला. मग एसएसएचच्या 'मॅच' या सोयीने फक्त एवढ्यासाठी खिडकी ठेवली: खातं स्कॅन असेल आणि पत्ता १९२.१६८.१.६० असेल, तरच पासवर्ड चालेल. त्यातही शेल नाही, फक्त अंगभूत एसएफटीपी, आणि एकाच फोल्डरमध्ये कोंडलेलं. कोंडायच्या त्या फोल्डरची मालकी रूटची लागते आणि इतरांना तिथे लिहिता येता कामा नये. नाहीतर लॉगिन होऊन लगेच तुटतं आणि मशीनवर नुसतं 'पाठवता आलं नाही' एवढंच दिसतं. म्हणून आत 'पोच' नावाचं दुसरं फोल्डर करून ते स्कॅनच्या मालकीचं केलं. पासवर्ड लांबलचक आणि अर्थहीन ठेवला. मशीनच्या पडद्यावर तो टाकताना ताई वैतागल्या, पण तो एकदाच टाकायचा होता.

इथे राउटरची दुरुस्ती आधी का लागते ते दिसतं. मास्करेड तसाच ठेवून, घाईत, 'आतल्या पट्ट्यातून आला तर पासवर्ड चालेल' अशी खिडकी कोणी ठेवली असती, तर सर्व्हरच्या लेखी सगळं जगच आतल्या पट्ट्यातून येत होतं. ओपनएसएसएचच्या २०२४ च्या ९.८ आवृत्तीपासून चुकीचे प्रयत्न करणाऱ्या पत्त्याला काही काळ दूर ठेवायची सोय अंगभूत आली आहे. उबुंटू २४.०४ मध्ये ती आवृत्ती नाही. असती तरी त्या राउटरमागे तिने आधीच्या फेल२बॅनसारखं एकट्या राउटरलाच दूर ठेवलं असतं.

ती चाचणी संपल्यावर २२ पोर्ट बाहेरून पुन्हा उघडलाच नाही. प्रोग्रामरचा आग्रह होता की २२ ऐवजी दुसरा कुठला तरी मोठा क्रमांक घेऊ. त्याने लॉगमधला कचरा कमी झाला असता हे मान्य, पण वापरणारी माणसं दोन-चार असताना दार रस्त्यावर हवंच कशाला? सर्व्हरवर वायरगार्ड, म्हणजे किल्ली असलेल्यांनाच आत घेणारा खाजगी रस्ता (व्हीपीएन), बसवलं. ते २०२० च्या मार्चपासून, कर्नेलच्या ५.६ आवृत्तीपासून, लिनक्समध्येच आहे. राउटरवर त्याचा ५१८२० हा यूडीपी पोर्ट तेवढा वळवला. ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. एसएसएच आता फक्त वायरगार्डमधून आणि ऑफिसच्या आतून लागतं.

टॅलीचं मशीन

३३८९ ची गोष्ट लवकर आटोपली, तरी धोका तिथे जास्त होता. सर्व्हरवरच्या घुसखोराने वीज खाल्ली. टॅलीच्या मशीनवर शिरणारा अख्ख्या हिशेबाला कुलूप लावून खंडणी मागतो. त्या विंडोजच्या सुरक्षा लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींचा पूर होता आणि जवळजवळ सगळ्या 'ॲडमिनिस्ट्रेटर' या नावावर. हे नाव ठरलेलं असतं म्हणून हल्लेखोराचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. त्यात ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपूर्वी या अंगभूत खात्याला चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप लावायची सोयच नव्हती. ४६२४ च्या, यशस्वी, नोंदी एकेक करून तपासल्या. ताई, आर्टिकल आणि मालक यांच्यापलीकडे कोणी सापडलं नाही.

कुलपाची दुसरी बाजू मालकांनीच काढली. "म्हणजे बाहेरचा कोणी दहादा चुकीचा टाकेल अन् आमचंच खातं बंद पडेल?" बरोबर. पोर्ट उघडं ठेवून कुलूप लावलं तर हल्लेखोर आत येत नाही, पण तुम्हालाही बाहेर ठेवू शकतो. म्हणून पोर्ट आधी बंद, मग कुलूप. अंगभूत खातं निष्क्रिय केलं, आणि दुरून येणाऱ्यांना वायरगार्डमधूनच, तेही फक्त या एका मशीनपर्यंत रस्ता दिला. सीएंच्या आर्टिकलच्या लॅपटॉपला वेगळी किल्ली दिली. त्याची आर्टिकलशिप संपली की ती एक ओळ खोडायची. पूर्वी टॅलीच्या मशीनचा पासवर्ड सोडून गेलेल्या किती आर्टिकलांना पाठ होता, हे त्या ऑफिसातही कोणाला सांगता आलं नाही.

उरलं ४४३. शाखांचं लॉगिन पान उघडं ठेवावंच लागतं, आणि तिथे पासवर्डही आहेत. फेल२बॅन आता तिथे कामाला लावलं, पण हलक्या हाताने. रायपूरची शाखा ब्रॉडबँड गेलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येते, आणि मोबाइल कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. त्या पत्त्याला आठवडाभर बंदी घातली तर दुसऱ्याच कोणाच्या चुकीने शाखेची बुकिंग थांबते. म्हणून पहिली बंदी १० मिनिटांचीच, पुन्हा सापडला तर वाढत जाणारी, आणि त्याखेरीज सॉफ्टवेअरमध्येच प्रत्येक खात्याच्या चुकांची वेगळी मोजणी, पत्ता कोणताही असो. सवलतीच्या यादीत फक्त सर्व्हरचा स्वतःचा पत्ता ठेवला. लॉग १८० दिवसांवर नेले आणि त्यांची प्रत रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जाते.

लॉगिन पानाला ओटीपी लावायचं काम राहिलं आहे. प्रोग्रामर म्हणतो दोन दिवसांचं काम आहे. मालकांचं म्हणणं, शाखेतल्या एकाच खात्यावर तिघं बसतात, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर मागवायचा? आधी माणसागणिक वेगळी खाती करावी लागतील आणि शाखावाल्यांना ती पटवून द्यावी लागतील. दिवाळीची बुकिंग उतरली की त्याला हात घालायचा ठरलं आहे.